घड्याळजींचं पोट

घड्याळजींचं पोट हा घरात वीस वर्षं थट्टेचा विषय होता. दिवसभर घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागे स्टुलावर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिमट्याने तिळाएवढे स्क्रू उचलायचे. अशा कामात डोळे झिजतात, मान झिजते, पोट तेवढं वाढतं. गिऱ्हाइकाच्या स्वागताला आधी माझं पोट पुढे होतं, असं ते स्वतःच सांगायचे. मग ताईचं यकृत निकामी झालं आणि थट्टा एका दिवसात बंद पडली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच या भावाला वाढवलेलं. तिला यकृताचा तुकडा हवा होता आणि घरात रक्तगट जुळला तो एकट्या घड्याळजींचा. ते लगेच हो म्हणाले. पण तपासणीत निघालं की यांच्याच यकृतावर चरबी चढली आहे. आठ आठवडे देते, पोट उतरवा, चरबी गेली तर पुढचं बोलू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यापुढे ताई किती तग धरेल, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

घड्याळजी काटेकोर माणूस. त्यांनी पहिल्या दिवशी जेवण अर्ध्यावर आणलं, दुसऱ्या दिवशी पाव हिश्श्यावर. पाचव्या दिवशी चिमटा हातात थरथरायला लागला आणि केसाएवढी एक स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. उपाशी शरीर मूठ आवळून बसतं, असेल ती चरबी सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. नीट जेवायचं, भरभर चालायचं, जिने चढायचे, उठाबशा काढायच्या. स्नायू कामाला लागले की चयापचय वाढतं आणि शरीर बसल्या बसल्याही जास्त जाळतं.

तेव्हापासून दुकानात दर अर्ध्या तासाला गजर वाजू लागला. वाजला की घड्याळजी भिंग काढून पंधरा उठाबशा काढत. एकदा एक आजोबा घड्याळ न्यायला आले, तर काउंटरमागून एक टक्कल वर येतंय आणि खाली जातंय. ते बिचारे बराच वेळ थांबले आणि मग काळजीने विचारू लागले, काही हरवलंय का. सकाळी इमारतीचे चार मजले सहा वेळा चढून व्हायचे. दर रविवारी बायको कमरेला टेप लावायची, आणि मग ताईचा फोन यायचा. यकृताचं ती नावही काढत नसे. गुडघे दुखतात का, झोप लागते का, एवढंच विचारायची.

पाचव्या रविवारी पोट दीड इंच उतरलेलं निघालं. बायकोचे डोळे भरून आले, घड्याळजींनी मात्र टेप तिच्या हातातून घेऊन खणात टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला आणि उभ्या उभ्या संपवला. भूक नव्हती. शेवटचं बिस्किट तोंडात असताना त्यांना स्वतःची लबाडी कळली. त्यांना कापून घ्यायची भीती वाटत होती. भुलीतून जागच आली नाही तर? मागे बायको काय करील? चरबी राहिली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. बिचाऱ्याने खूप केलं, नशिबातच नव्हतं, असंच सगळे म्हणाले असते. ताईच्या जिवावर आपण सुटका शोधतोय, या विचाराने त्यांना स्वतःची शिसारी आली. शटर ओढून ते भर दुपारी चालायला निघाले. पुढचे तीन आठवडे त्यांनी एकही गजर चुकवला नाही, पण भीती काही हलली नाही.

आठव्या आठवड्यात टेप जेमतेम दोन इंच सरकली होती. बायको हिरमुसली. पण तपासणीत यकृत स्वच्छ निघालं. तिथली चरबी म्हणे आधी जाते, पोटाची मागून. मग डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींना एकट्यालाच आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे मी प्रत्येक देणाऱ्याला विचारते," त्या म्हणाल्या. "मनापासून तयारी नसेल तर आत्ता सांगा. बाहेर मी एवढंच सांगेन की तुमचं यकृत चालणार नाही. खरं कारण कुणाला कळणार नाही. तुमच्या बहिणीलाही नाही."

 इतके दिवस घड्याळजी मनातल्या मनात मागत होते ते आयतं समोर आलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"मला फार भीती वाटते," ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. घड्याळजींनी विचारलं, "भीती वाटत असली तरी देता येतं का?"

"येतं. बहुतेक जण तसेच देतात."

"मग लिहा माझं नाव."

बाहेर बाकावर ताई बसली होती, डोळे हळदीसारखे पिवळे, मांडीवर फायली. भावाचा पांढरा पडलेला चेहरा पाहून तिने बाकावर त्याला जागा करून दिली.

"नाही ना जमत?" ती म्हणाली. "असू दे. मनाला लावून घेऊ नकोस."

"जमतंय, ताई. पुढच्या आठवड्यात."

 दोन महिने सगळ्यांना धीर देणाऱ्या ताईने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"तुला काही झालं तर रे?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.