न खेळलेल्या सामन्याचा सत्कार

देशाच्या महिला फुटबॉल संघाकडून मी एक आंतरराष्ट्रीय सामना खेळले, असं आमच्या तालुक्यात अजूनही काही लोक मानतात. मी तो सामना पाहिला, असं म्हणणं जास्त खरं होईल. पाहायला जागा मात्र फार चांगली मिळाली होती. मैदानाच्या अगदी कडेला, लाकडी बाकावर. अंगात सोळा नंबरची जर्सी.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. बायकांच्या फुटबॉलला देशात नुकतंच कुठं रूप येत होतं. पोरी गोळा करायच्या, थोडे दिवस शिबिर घ्यायचं आणि बाहेरच्या देशाचा एखादा संघ दौऱ्यावर आला की त्याच्यासमोर उभं करायचं. आमच्या संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी कुणी लिहून मागितली असती, तर ती एका पोस्टकार्डावर मावली असती आणि घरच्यांची खुशाली विचारायला जागा उरली असती.

मी त्यात शिरले ती कडब्यामुळं. आमचं गाव रहिमतपूरपासून चालत तासाभरावर. घरचा ऊस, थोडी ज्वारी. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. ज्वारी निघाली की कडब्याची गंजी रचायची, आणि गंजीवर उभं राहून खालून फेकलेल्या पेंढ्या झेलायच्या हे काम लहानपणापासून माझ्याकडं होतं. गंजी वाढेल तसा झेलणारा वर वर जातो. सगळं गाव त्याला दिसतं, तो सगळ्या गावाला दिसतो, आणि खालून कुणी शिडी लावेपर्यंत त्याला उतरता येत नाही.

पुढं सांगलीला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले. तिथले खेळाचे सर मिरजेचे, फुटबॉलचं वेड लागलेले. त्यांनी खो-खोच्या पोरी फोडून मुलींचा फुटबॉल संघ उभा केला. पहिल्याच दिवशी त्यांनी जोरात मारलेला चेंडू मी छातीशी धरला. ते जवळ आले.

"कुठं शिकलीस गं हे?"

"कडब्याच्या गंजीवर."

"मग गावाकडच्या आणखी दोघी-तिघी घेऊन ये," ते म्हणाले.

जिल्हा झाला, राज्य झालं, आणि एका दूरच्या शहरातल्या शिबिरातून देशाच्या संघात माझं नाव आलं. गोलकीपर दोघी होत्या, मी दुसरी. दुसऱ्या गोलकीपरसारखी निवांत जागा साऱ्या फुटबॉलमध्ये नाही. पुढच्या पोरी पळून पळून दमतात, त्यांना बदलावं लागतं. गोलकीपर दमत नाही. पहिलीचं हाडबीड मोडलं तरच दुसरी उठणार, आणि आमची पहिली चांगली दणकट होती. सामना आम्ही हरलो. मी बाकावरून उठले ती सगळ्यांशी हात मिळवायला.

गावी आले तेव्हा घरच्या सोप्यात सरपंच, शाळेचे मास्तर आणि आणखी चार-पाच जण आधीच चहा पीत बसले होते. तालुक्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली होती: आपल्या कन्येनं देशाचा गोल राखला. बातमीदारानं सामना पाहिलेला नव्हता. तो एस. टी. स्टँडवर आबांना भेटला होता, एवढाच त्याचा आधार.

"गोऱ्या पोरी लय दांडग्या आसत्याल, न्हवं?" आबांनी विचारलं.

"होत्या," मी म्हटलं. त्या होत्याच.

"आन तू आडवलंस त्यास्नी."

हा प्रश्न नव्हता. त्याच क्षणी "आबा, मी बाकावर होते" एवढे चार शब्द पुरले असते. पण सोप्यातले सगळे माझ्याकडं बघत होते आणि आबा त्या सगळ्यांकडं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकत बसले. ती फुंकर पुढं मला फार महागात पडली.

मग सत्कार सुरू झाले. माणसानं काय केलंय याची आमच्याकडं फार चौकशी करत नाहीत. पण काहीतरी केलंय असं एकदा ठरलं की शाल, नारळ, फेटा आणि अध्यक्षीय भाषण यांतून सुटका नसते. पहिला सत्कार गावच्या चावडीपुढं झाला. हरलेल्या सामन्याचा गोलफरक तिथं निम्म्यावर आला. दुसरा रहिमतपुरात. तिथल्या फलकावर सामना बरोबरीत सुटला होता. मी शॉर्ट घालून येऊ नये, पण "ती कापडं" सोबत आणावीत, असा निरोप होता. म्हणून माझी जर्सी टेबलावर पसरून ठेवली होती. महिला मंडळाच्या एका बाईंनी आधी मला ओवाळलं आणि मग, नव्या वस्तूला लावतात तसं, जर्सीला भरपूर हळदकुंकू लावलं. पांढरी जर्सी. ती माझी नव्हती. पुढच्या शिबिरात धुऊन परत करायची होती. मी घरी तीनदा घासली. कुंकू गेलं. हळद गेली नाही.

त्याच दिवशी सरांचं पत्र आलं. पहिल्या गोलकीपरचं लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांना खेळ चालणार नव्हता. दुसऱ्या एका देशाचा संघ यायचा होता. 'या वेळी तू उभी राहणार,' सरांनी लिहिलं होतं. 'शनिवारी दुपारी चारला मिरज स्टेशनवर हजर राहा. आपल्या भागातल्या सगळ्या मुली तिथूनच निघतील. गाडी चुकली तर शिबिरातल्या तिसरीला घेतील, ते माझ्या हातात नाही. जर्सी आण.'

ते पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. शुक्रवारी पाटणला तिसरा सत्कार होता. म्हणजे शनिवार मोकळा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन जीप घेऊन दारात आले.

"सुभेदार, पाटणचा कार्यक्रम शनवारी धरलाय. खुद्द मंत्री येत्यात."

मी आतून बाहेर आले. "साहेब, शनिवारी मला मिरजेला जायचंय. चारच्या आत."

"आगं, मंत्री दहाला येनार. बाराला तू मोकळी. माझी जीप हाय, नीट मिरजेला सोडतो. आन झालाच उशीर, तर फोन लावतो की! मंत्र्यांच्या मानसाचा फोन गेल्यावर गाडी थांबंल."

"गाडी थांबंल?" आबांनी विचारलं.

"सुभेदार, इमानं थांबत्यात."

आबांनी मान डोलावली आणि शब्द दिला. जीप गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले.

"आबा, तुम्ही फौजेत असताना सुट्टीवरून कधी एक दिवस उशिरा गेला होता का?"

"दिवस? एक तासबी न्हाई."

"मग मला कशाला लावताय?"

"तुजी गोष्ट येगळी हाय. तुजी जागा पक्की हाय. खेळलेल्या मानसाला कोन काढतंय?"

याला माझ्याकडं एकच उत्तर होतं, आणि ते द्यायचं तर चावडीपुढचा फेटा, रहिमतपूरची बरोबरी आणि सोप्यातला चहा, सगळं परत घ्यावं लागणार होतं. मी तोंड उघडलं. आबा माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते की मी ते मिटलं. चुलीपाशी आई भाकरी थापत होती. ती नंतर एवढंच म्हणाली, "तू गप बसलीस म्हंजी कायतरी हाय. पर तू आन तुजा बाप, दोघंबी गप बसण्यात लय पटाईत." तिच्या बोलण्याचा अर्धा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शनिवारी साडेनऊला मी पाटणच्या मांडवात खुर्चीवर बसले. अंगावर गर्द निळं लुगड्याएवढं जड पातळ, मांडीवर पिशवी. पिशवीत जर्सी, बूट आणि दोन दिवसांच्या दशम्या. फलकावर आम्ही सामना जिंकला होता. शेजारी एक मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मला बरोबर दिसत होतं. दिवसभरात मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिल्याचं आठवत नाही.

दहा वाजले. शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणायला तयार होत्या. अकराला त्यांना बसायला सांगितलं. पाऊणला धूळ दिसली म्हणून त्या उठल्या आणि गीत सुरू झालं. आला तो उसाचा ट्रक होता. पाटणहून मिरजेला जीपनं तीन तास धरले, तर एकच्या ठोक्याला निघायला हवं होतं. एकला मी चेअरमनांना खुणेनं विचारलं. त्यांनी हवेत फोनची मूठ कानाला लावून दाखवली आणि जवळ येऊन म्हणाले, "ट्रंक कॉल बुक केलाय. लाइन मिळंना. तू काळजी करू नकोस, बस."

बसण्यावाचून दुसरं काय करत होते मी? बाकावर बसायची मला सवय होती. पण त्या बाकावरून निदान मैदान दिसायचं.

दीड वाजला. उठून चालू लागावं, असं मनात आलं. मांडवाच्या बाहेर पडायला एकच वाट, पहिल्या रांगेसमोरून. त्या रांगेत आबा कोट घालून, छातीवर पदकं लावून ताठ बसले होते. माझी नजर गेली की ते हळूच मान हलवायचे.

अडीचला मंत्री आले. मुलींचं गीत झालं, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले. मंत्री तासभर बोलले. त्यात धरण होतं, धरणग्रस्त होते, ऊस होता, होऊ घातलेला रस्ता होता. शेवटी इतिहासातल्या तीन राण्या आल्या आणि त्यांच्या रांगेत चौथी म्हणून मी. माझी ओटी भरली. मग सूत्रसंचालक म्हणाले, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

मुख्याध्यापकांच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं कमी होती.

मी माइकसमोर गेले. "तो सामना मी खेळले नाही," मी म्हटलं. "एक मिनिटसुद्धा नाही. मी दुसरी गोलकीपर होते, बाकावर बसले होते. आपण जिंकलोही नव्हतो. पुढच्या सामन्यात मी खेळणार होते. त्यासाठी आज चारला मिरजेला पोचायचं होतं. मी इथं आहे."

मला वाटलं, सुटले. मग मंत्र्यांनी माझ्या हातून माइक घेतला.

"बघा! याला म्हणतात विनय! देशासाठी एवढं करून ही पोर म्हणते, मी काहीच केलं नाही! आणि आपल्या मातीतल्या माणसांसाठी तिनं गाडीसुद्धा सोडली!"

टाळ्यांचा एवढा कडकडाट माझ्यासाठी त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

चेअरमनांची जीप मंत्र्यांच्या ताफ्याबरोबर निघून गेली. आम्ही दोघं एस. टी. स्टँडवर कऱ्हाडच्या गाडीची वाट बघत बसलो. आबांच्या मांडीवर नारळांची पिशवी, माझ्या मांडीवर बुटांची. त्यांनी विचारलं,

"एक मिनिटबी न्हाई?"

"नाही."

"आन आता खेळवलं आस्तं?"

"पहिलीचं लग्न ठरलंय. म्हणून बोलावलं होतं."

"मग मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होता."

आबांनी कोटावरची पदकं एकेक काढली आणि रुमालात बांधली.

"गावाला वाटतं, लढाईत मी फ्रंटवर हुतो," ते म्हणाले. "मी रसदेच्या डेपोत हुतो. पिठाच्या पोत्यांवर. सुट्टीला आलो तवा चावडीवर कुनीतरी म्हनलं, सुभेदारांनी दुश्मन आडवला. मी इडी पेटवली आन गप बसलो."

आईच्या बोलण्याचा उरलेला अर्थ मला तिथं कळला. मी हसले असते, पण गाडी चुकलेली होती.

आठवड्यानं सरांचं कार्ड आलं. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली होती आणि ते तेवढा वेळ स्टेशनच्या पुलाकडं बघत उभे होते. फोन आला नव्हता. तिसरीला घेतलं. आबांनी फुटबॉल संघटनेला फौजी इंग्रजीत अर्ज लिहिला, उशिराचा सारा दोष आपला आहे म्हणून. उत्तर आलं नाही. जर्सी परत पाठवायची राहिली, कारण तसली पिवळी डागाळलेली जर्सी पाठवायची मला लाज वाटली. ती अजून माझ्याकडं आहे. घामाचा एक थेंब न लागलेली.

त्या वर्षी कडबा निघाला तेव्हा मी पुन्हा गंजीवर उभी राहिले. आबा खालून पेंढ्या फेकत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं सायकल थांबवली.

"काय सुभेदार, आवं देशाच्या गोलकीपरला कडब्याला लावलीय व्हय?"

"ती देशाकडनं खेळल्याली न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले. "माज्यामुळं न्हाई."

"तुमी बापलेक लय साधी मानसं," तो म्हणाला आणि हसत पुढं गेला.

आबांनी पुढची पेंढी अशी फेकली की माझे तळवे झणाणले. मी झेलली. दुसरी त्याहून जोरात आली. ती झेलली. दुपारपर्यंत एकही पेंढी खाली पडली नाही. गंजी शेंड्याला आली तेव्हा त्यांनी शिडी आणून लावली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले.

वरून शेतांपलीकडची रेल्वेची लाइन स्पष्ट दिसत होती.

"मिरजेची गाडी जाऊ द्या," मी म्हटलं. "मग उतरते."