तहान नसलेली माणसं

शनीच्या एका चंद्रावर माणसं राहतात आणि त्यांना तहान लागत नाही, हे मी माझ्या हाताने खिळ्याखिळ्याने जुळवलं. जुळवताना कान तापले. अजूनही ते वाक्य आठवलं की तापतात.

सांगलीतला तो छापखाना. दुसरी मोठी लढाई चालू होती, कागद मिळायची मारामार, तरी मालक दिवाळी अंक काढायचे म्हणजे काढायचेच. मी आटपाडीकडचा, मेंढरांमागच्या घरातला. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरओळख तेवढी अंगाला चिकटून राहिली होती. तेवढ्यावर मालकांनी मला ठेवून घेतलं. शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं ओळखायला शिकवलं, माडीवर निजायला जागा दिली, दोन्ही वेळा त्यांच्या घरातून ताट येई. तापाने फणफणलो तेव्हा स्वतः वैद्याकडे घेऊन गेले. हे सगळं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. म्हणून तर तो राग बाहेर काढता येईना. ज्याचं खाल्लं त्याच्यावर रागवायचं कसं? आणि रागावलोच, तर रात्री निजायचं कुठे? गावी परत जायचं म्हटलं तर तिथे खाणारी तोंडं आधीच जास्त होती.

काम उरकलं की मालक मला गावाकडचं विचारत. तुझे वडील रानात झोपतात कसे, चालतात किती, कळप सांभाळतात कसा. मी हौसेनं सांगे. माझ्या घरचं कुणी इतकं विचारावं, याचंच मला अप्रूप. आबा काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या डुलकी घेतात, हे मी करूनही दाखवलं. मालक खूश झाले.

ते सगळं त्यांच्या गोष्टीत आलं. पृथ्वीवरच्या पंडितांनी माणसाचं बीजच बदलून त्या चंद्रासाठी माणसांची एक निराळी जात घडवली, अशी ती गोष्ट. आपल्यासारखीच माणसं, पण तिथल्या जगण्याला जन्मतःच जुळलेली. त्यांच्या तळव्यांना खुरासारखं कातडं. ती उभ्याने झोपतात. बोलण्याऐवजी शीळ घालतात. आणि त्यांना तहान ठाऊक नाही. बीजातूनच ती काढून टाकलेली. पुढे मालकांनी लिहिलं होतं, ‘म्हणून त्यांच्याविषयी कणव वाटण्याचं कारण नव्हतं.’

माझ्या शेजारी जुळणी करणारा गडी मेढा गावाकडचा, माझ्याहून वयाने मोठा. त्याने मी जुळवलेल्या ओळी माझ्या खांद्यावरून वाचल्या आणि खो खो हसला. “आरं गड्या, तू तर चंद्रावरचा निघालास! आन् आमी तुला आटपाडीचा समजत हुतो.” त्या दिवसापासून माझं नाव चंद्रावरचं. खिळ्यांची पेटी हवी असली तरी, “ए चंद्रावरचं, इकडं बग.” मीही हसलो. काय करणार?

पण रात्री झोप लागेना. खुरासारखं कातडं म्हणे जन्मतःच! आबांच्या तळव्यांतले बाभळीचे काटे माझ्या आईने उकरून काढलेले आणि वर बिब्ब्याचा चटका दिलेला मी पाहिलाय. चटका बसला की आबा ओरडायचे, आणि आम्ही पोरं कान झाकून घ्यायचो. उभ्याने झोप म्हणे! आडवं झालं की लांडगा कोकरू उचलतो, म्हणून उभ्याने. आणि तहान? मेंढरं प्यायल्याशिवाय आमच्यात माणूस पाण्याला तोंड लावत नाही. मुकं जनावर मागू शकत नाही, म्हणून आधी त्याचं. ही आमची रीत. छापखान्यात आलो तेव्हा पहिले काही दिवस मीही दिवसभर पाणी प्यायलो नाही. एक तर ती सवय, आणि कोपऱ्यातल्या माठाला मी हात लावायचा की नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालक कौतुकाने म्हणाले होते, “तुला तहानच लागत नाही रे!” मी लाजून मान हलवली होती. त्या मान हलवण्याची यांनी एक जात केली!

त्याच आठवड्यात आबा आले. पावसाळा सरला की आमचे कळप नदीकाठच्या मळ्यांकडे येतात. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात मळेवाला धान्य देतो. त्या वर्षी आबांचा तळ सांगलीपासून दोन-अडीच कोसांवर पडला होता. भर उन्हात चालत ते मला भेटायला आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मालकांकडे दोन स्नेही गोष्ट ऐकायला बसले होते. आबांना बघून मालक उठलेच.

“या, या! हे पाहा, माझ्या गोष्टीतले गृहस्थ प्रत्यक्ष आले!”

चहा आला. स्नेह्यांना कप, मालकांना कप. आबा दाराशी टेकले होते. एका स्नेह्याने विचारलं, “आणि यांना?”

“यांना काही लागत नाही हो,” मालक म्हणाले. त्यात तुसडेपणा नव्हता, हेच मला सहन होईना. अगदी मायेने म्हणाले. स्वतःच्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

आबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. हळूच म्हणाले, “पानी कुटं हाय रं?”

मी माठाकडे गेलो. तांब्या बुडवला, भरून आणला. आबांनी गटागटा घेतला, परत पुढे केला. दुसरा तांब्याही संपला. एक स्नेही हसत म्हणाला, “पृथ्वीवर येऊन सवय बिघडली वाटतं!” सगळे हसले. मालकही हसले.

मी रिकामा तांब्या माठावर ठेवला. मग बोललो. “मालक, ते तहानेचं वाक्य काढा. आमाला तहान लागते.”

“अरे, गोष्ट आहे ती. चंद्रावरची. तुझा काय संबंध?”

“मग माझ्या आबांना चहा का नाही विचारला?”

एका स्नेह्याने कप खाली ठेवला. मालकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “वाक्य राहील,” ते म्हणाले. “मग मी ते पान पुरं करणार नाही,” मी म्हणालो, आणि आबांबरोबर चालू लागलो. वाटेत आबा एवढंच म्हणाले, “आरं, जेवायला घालनारा मानूस हाय तो. आसं तोडून बोलतात व्हय?” मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक तळावर आले. त्यांचं बारीक तिरपं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं आणि अंक अडला होता, हे तर होतंच. पण माणूस उन्हातान्हात पायी आला, हेही खरं. धोतर काट्याकुसळांनी भरलेलं. बांधावर बसले ते धापा टाकत.

मळेवाल्याची विहीर समोर होती, मोट चालू होती. पण ऊस भिजवून झाल्याशिवाय मेंढरांना पाणी नाही, असं त्याने बजावलं होतं. मेंढरं जिभा काढून उभी होती. आबांकडे चामड्याच्या पखालीत थोडं पाणी होतं. त्यांनी सगळं लोट्यात ओतलं आणि मालकांपुढे धरलं.

“घ्या.”

मालक प्यायले. मग त्यांचं लक्ष गेलं. “तुम्ही?”

“मेंढरांचं झाल्यावर.”

“म्हणजे... तहान लागलेली आहे तुम्हाला?”

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. “आवं मालक, लागती की! सकाळधरनं जीभ टाळ्याला चिकाटलीया.”

मालक रिकाम्या लोट्यात बघत बसले. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चल. वाक्य बदलतो.” माझा सगळा राग त्या हाताखाली विरघळला. वाटभर मी त्यांची पिशवी धरून चाललो. छत गेलं नव्हतं, ताट गेलं नव्हतं, आणि वाक्यही जाणार होतं. त्या दिवशी मला आणखी काही नको होतं.

त्यांनी वाक्य बदललं. कणवेची ओळ खोडली. नवं लिहिलं, ‘त्यांना तहान लागे, परंतु ती सोसण्याचं अलौकिक सामर्थ्य त्यांच्या बीजातच होतं.’

बीजातच! समोर बसून पाहिलेलं माणसाने इतक्या लवकर विसरावं? आबांनी त्या दुपारी लोटा उचलला, मेंढरांकडे बघितलं, आणि तो पाहुण्याला दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच ठरवावं लागणार होतं. ते बीजात असतं तर त्यात काय मोठं होतं? मी तसं म्हणालो. मालक समजुतीने म्हणाले, “अरे, मी गौरव केलाय तुमचा. बीज म्हणजे काय ते तुला नाही कळायचं.” कळलं नसेल. मेढ्याच्या गड्यालाही वाक्य आवडलं. “आता तर तुमचा मान वाढला की रं, चंद्रावरचं!”

अंक निघाला. मालकांनी एक प्रत खास आबांसाठी दिली. तळ हलायच्या आदल्या दिवशी मी ती घेऊन गेलो. आबांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. “काय लिवलंय आमच्यावर?”

“तुमी लय सोसता, आसं लिवलंय. जन्माचंच तसं बळ हाय म्हणं तुमच्यात.”

आबांनी विहिरीकडे बघितलं. मोट अजून उसावरच चालली होती.

“आसं लिवलंय व्हय?” ते म्हणाले. “एवढं शिकल्यालं मानूस हितवर आलं हुतं. त्या मळेवाल्याला जाता जाता म्हनायचं हुतं की, मेंढरांना आदी पाजू द्या म्हनून.”