परकारचाचांची तेलाची बुधली

तमाम मराठी जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, टार्विक नावाचे पिस्तूल चांगले की भिकार, या प्रश्नाचा कायमचा निकाल लागलेला आहे. तो ओमानात, रुसैलच्या एका कारखान्यात, तीन मराठी माणसांच्या साक्षीने लागला. त्यांतला एक मी. माझे काम फक्त वहीत नोंदी करण्याचे होते, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

खरा नायक अब्बास परकार. दाभोळचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्या भेटीत त्यांनी मला सलाम केला, खिशातून छोटी बुधली काढली आणि मी बसलो होतो त्या खुर्चीच्या सांध्यांत तेल सोडले. मग माझ्या डब्याच्या कडीत. मग छत्रीत. ओमानात छत्री घेऊन आलेला मी एकटाच, हे त्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्षिले. "लोखंड म्हणजे तान्हं पोर, केळकर," ते म्हणाले. "तेल घातल्याबिगर झोपत नाय."

गावी ते मच्छीमारांच्या बोटींची इंजिने दुरुस्त करायचे. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात रात्री ठेवलेली सुरी सकाळी तांबडी होते. म्हणून त्यांचा हात सारखा तेलाकडे जायचा. आमच्या अर्बाबला, म्हणजे कारखान्याच्या मालकाला, नेमबाजीचा शौक. कारखान्यामागच्या डोंगरात त्याने परवाना काढून नेमबाजीचे मैदान केले होते आणि आठ टार्विक घेतली होती. ती सांभाळायला चाचा.

आणि ती अडायची. दर गुरुवारी, पाहुण्यांसमोर. रिकामे काडतूस बाहेर पडता पडता मध्येच फसायचे आणि अर्बाबचा चेहरा पडायचा.

मैदानाचे प्रमुख जगताप, साताऱ्याचे माजी फौजी. त्यांचे मत ठाम. "टार्विक म्हणजे रुसका जावई. ऐन पंगतीत अडून बसणार! साऱ्या दुनियेत बदनाम आहे हे पिस्तूल, चाचा."

"जावई रुसतो तो सासऱ्याच्या तोंडापायी," चाचा म्हणायचे. "दुनियेनं नीट वागवलं नसंल. पिस्तूल कधी अडत नाय, माणूस अडवतो."

सहा वर्षे हा वाद चहाबरोबर चालला. मी दोघांनाही आळीपाळीने पाठिंबा द्यायचो. वाद थंडावला तर गुरुवारी करायचे काय?

शेवटी एका बड्या पाहुण्यापुढे पिस्तूल दोनदा अडले आणि अर्बाब भडकला. त्याच्या हिंदीत त्याने आम्हाला सुनावले, "पिस्तूल खराब, तो सब बेचेगा, नया लेगा. आदमी खराब, तो आदमी घर जायेगा. परकार छुट्टी से आयेगा, फिर फैसला. खलास."

चाचा महिनाभर दाभोळला गेले. बुधली त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. जगताप काय करणार? कोरड्या फडक्याने पुसून पिस्तुले देत राहिले. त्या महिन्यात माझ्या वहीत 'अडले' हा शब्द एकदाही आला नाही. चौथ्या गुरुवारी जगतापांनी वही उलटीसुलटी पाहिली आणि मग चाचांच्या कुलूपबंद कपाटाकडे पाहिले.

चाचा परतले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. कबूल करतो, मजा बघायची म्हणूनच. त्यांनी चष्मा लावून पाने वाचली. कपाटातून, आठांतले रजेआधी तेल पाजून ठेवलेले एक टार्विक काढले, खोलले, आत बोट फिरवले. बोटाला काळा चिखल लागला. तेलात मळलेली रुसैलची वाळू. तो त्यांनी दोन बोटांत चोळला, करकर ऐकली.

"दाभोळच्या वाऱ्यात मीठ," ते हळूच म्हणाले. "इथल्या वाऱ्यात वाळू." मग विचारले, "जगतापाला ठाऊक हाय?"

"त्यांनीच आधी ताडलं."

"बरं," म्हणाले आणि बोट पुसले. माझी मजा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या खोलीत आम्ही तिघे उभे. पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो. चाचा घरी गेले नाहीत. अर्बाबने फक्त बुधली जप्त करून स्वतःच्या खणात ठेवली आणि ज्याला थेंब हवा त्याने त्याच्याकडे मागावा असा हुकूम काढला. चाचा त्यानंतर नऊ वर्षे राहिले. टार्विक अडले नाही. निवृत्त होऊन गावी गेल्यावर दोन वर्षांनी ते वारले. ते मला कळवणारा फोन जगतापांनी केला.

पण त्या सकाळी यातले काहीच ठरलेले नव्हते. अर्बाबने विचारले, "बोलो. पिस्तूल या आदमी?"

चाचांनी तोंड उघडण्याआधी जगताप फौजी आवाजात म्हणाले, "पिस्तूल, अर्बाब! एकदम भिकार! आदमी एक नंबर!" गडी सरळ समोर बघत होता, खोटे बोलताना फौजी बघतात तसा. चाचांची नोकरी वाचली होती. नुसते गप्प बसायचे होते.

चाचा लालबुंद झाले. टेबलावर मूठ आपटून, मग अर्बाबकडे पाठ फिरवून ते ओरडले,

"ओ जगताप, माझ्या पोटासाठी त्या गरीब पिस्तुलाला शिव्या घालू नका!"