मोरेश्वरकाकांची उसंत

मोरेश्वरकाकांचा ‘बंद’ या शब्दावर विश्वास नव्हता. मशीन बंद केलं की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि थोडा वेळ दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नसत. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लूमच्या आणि गोदामांतल्या मोटारींचे ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारे डबे, दुरुस्तीला येत. काका तिथले जुने मिस्त्री, शिक्षण नववी. मी डिप्लोमा करून आलेली, त्यामुळे अंमळ जास्तच शहाणी.

होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, हे मला पाठ होतं. समजलं ते काकांमुळे. मॉसफेट आणि आयजीबीटी हे ड्राइव्हमधले, करंट चालू-बंद करणारे दोन जातींचे स्विच. “मॉसफेटात इलेक्ट्रॉन एकटाच हमाली करतो. आयजीबीटीत होलपन जोडीला येतात, म्हनून जास्त करंट आरामात जातो. पन बंद करताना ते लगेच निघत न्हाईत, बाय. शिफ्ट सुटली म्हनून कारखाना लगेच रिकामा होतो काय?” म्हणून एक स्विच बंद करून जोडीतला दुसरा चालू करताना मध्ये क्षणभर उसंत ठेवायची. नाहीतर दोन्ही एकदम चालतात आणि सरळ शॉर्ट.

एकदा मानकोलीच्या एका गोदामाचा ड्राइव्ह आला. जुने मॉसफेट बाजारात मिळेनात, म्हणून मी त्यांच्या जागी आयजीबीटी बसवले. उसंत वाढवायला कार्डावरचा एक रेझिस्टर बदलायचा होता, तो राहिला. “उसंत वाढवली ना?” काकांनी विचारलं. मला घरी जायची घाई होती. “हो,” म्हणाले. माझ्या शब्दावर त्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली.

टेबलावर गुमान चाललेला तो ड्राइव्ह गोदामात लोड येताच फुटला. काकांनी जळकं कार्ड हातात घेतलं, जुना रेझिस्टर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. वर्कशॉपच्या मालकांना, शेठना, म्हणाले, “माज्याच हातून ऱ्हायला.” शेठनी त्याच आठवड्यात त्यांना “आता आराम करा” म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून सोल्डरिंग करत राहिले.

सहा महिन्यांनी दिघाशीला त्यांच्या घरी गेले, शेठना सगळं सांगते म्हणायचं ठरवूनच. काकांनी बोलूच दिलं नाही. “कार्ड मी बगितलाय. नोकरी नीट कर.” मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची आज जास्त लाज वाटते. शेठकडे जायला मला कुणी अडवलं नव्हतं.

काका यंदा गेले. दहाव्याला शेठ आले होते. काकूंना म्हणाले, “हात सोन्याचा होता हो त्यांचा. शेवटी तेवढं एक चुकले.”

“हां, ते पन तसंच बोलायचे,” काकू म्हणाल्या.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांच्या हाताखाली शिकलेली मी एकटीच तिथे होते.

मी म्हणाले, “काका फार चांगले होते.”