कोल्हापुरातून मागवलेले दागिने

खोटं बोलायचं तर निदान आधी थोडा विचार करावा. मी नातीच्या बोरन्हाणाला, हळदीकुंकवाचं ताट हातात धरून, वीस-पंचवीस बायकांच्या देखत खोटं बोलले, तेही हसत हसत. नातीच्या अंगावरचे हलव्याचे दागिने कोल्हापुरातून मागवलेत, असं सांगितलं. ते केले होते माझ्या मुलानं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पितळी परातीत, अकरा दिवस खपून.

त्या दिवशीची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की मला हसू येतं. बेळगावच्या शाळेत तीस वर्षं मुलींना मराठी शिकवून निवृत्त झालेली. दर वर्षी ‘स्त्री-पुरुष समानता’ यावर निबंध लिहून घ्यायची आणि ‘घरकाम दोघांचं’ असं लिहिणारीला दोन मार्क जास्त द्यायची. स्वतःच्या गच्चीवर मात्र मुलगा कपडे वाळत घालताना दिसला की धावत जाऊन त्याच्या हातातली बादली हिसकावून घ्यायची. शेजारीण बघत असेल तर जास्तच धावायची. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी बाई, गच्चीचा जिना मात्र हरणासारखी चढायची!

मुलगा एका कारखान्याच्या ऑफिसात होता. कारखाना बंद पडला. सून निपाणीला बँकेत. सकाळी सातची बस धरायची ती दिवेलागणीला परत. नात तेव्हा दोन वर्षांची. ती शाळेत जाईपर्यंत बापानं घरी राहायचं, असं दोघांनी ठरवलं. मला विचारलं नाही, म्हणून मी पुढची दोन वर्षं तोंड फुगवून बसले.

त्या दोन वर्षांत बापलेकीनं काय काय केलं, ते मी खिडकीच्या पडद्याआडून बघितलंय. सकाळी तो जुना रंगाचा ब्रश आणि बादलीभर पाणी घेऊन तिला अंगणात न्यायचा. दोघं मिळून कंपाउंडची भिंत पाण्यानं रंगवायची. एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक वाळलेलं असायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. तिला वाटायचं, भिंतच लबाड आहे. दहा वाजता रेल्वे गेटवर. मालगाडीचे डबे मोजायचे. वीसनंतर ती पुन्हा अकरावर यायची आणि बाप तिला चुकूनही अडवायचा नाही. येताना बसच्या पाट्यांवरची कानडी अक्षरं ओळखायची. दुपारी लग्नाच्या जुन्या पत्रिकांवरचे गणपती कापायचे, मटारच्या शेंगांच्या होड्या करून परातीत सोडायच्या. कशालाच पैसा लागत नव्हता. लागत होता तो एक धडधाकट, शिकलेला पुरुष, सबंध दिवस. माझ्या डोळ्यांत खुपायचं ते एवढंच.

“दुसरं काही काम नाही का रं तुला?” मी विचारायची.

“हेच काम हाय की, आई. चोवीस तासांची ड्युटी,” तो म्हणायचा.

दोन वर्षं भरत आली, त्या संक्रांतीला नातीचं बोरन्हाण करायचं ठरलं. बाजारातले दागिने आणू म्हटलं तर हा म्हणाला, “घरीच करू. तिला पण उद्योग होईल.” मोबाइलवर बघून शिकला. शेगडीच्या मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर पळीनं पाकाचे दोन-चार थेंब, आणि मग बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की सगळ्याचा गोळा होतो. पहिले दोन दिवस गोळेच झाले. ते नातीनं खाल्ले. तिला शेगडीपासून लांब पाटावर बसवलेलं. तिचं काम एकच. दर थोड्या वेळानं विचारायचं, “पप्पा, काटा आला?” चौथ्या दिवशी आला. पांढराशुभ्र, टोकदार. ती दाणा तळहातावर घेऊन माझ्याकडं धावत आली. “आज्जी, बघ, टोचतंय!” मी म्हटलं, “बरं बरं, सांडू नको.”

मग ओवणं. दोऱ्याचं एक टोक तिच्या चिमटीत, दुसरं बापाच्या सुईत. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. टोक धरून धरून तिची बोटं चिकट झाली, पण तिनं टोक सोडलं नाही.

बोरन्हाणाच्या दिवशी काळ्या झबल्यावर ते दागिने असे उठून दिसले की बायका बोरं-चुरमुरे ओतायचं विसरल्या. “अगं बाई, काटा बघा कसा फुटलाय!” “कुणी केलं हो, बाई?” मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारीण म्हणाली, “मुलगा घरातच असतोय न्हवं तुमचा? त्यानंच केलं असंल की!” आणि सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नव्हे. चेष्टा होती.

“छे गं!” मी म्हटलं. “कोल्हापुरातून मागवलेत. महिनाभर आधी सांगावं लागतंय.”

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण एकीनं फोन नंबर मागितला. मी म्हटलं, “त्या बाई आता करायचं बंद करणार आहेत.” माझ्या खोट्यातलं तेवढंच पुढं खरं झालं.

पाटावर बसलेली नात म्हणाली, “पप्पांनी केलंय. मी दोरा धरला.”

“गप्प बस बघू, बोरं पडतील तोंडात,” मी म्हटलं. तिनं माझ्या पाठीमागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. आम्ही तिच्या डोक्यावर बोरं ओतली. गल्लीतली पोरं ती लुटायला धावली, ही जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं ब्रश आणि बादली काढली. “चला, भिंत वाट बघायला लागलीय.”

“नको,” ती म्हणाली. “कोल्हापुरातून आण.”

मी तेव्हासुद्धा हसले. पोरीची गंमत म्हणून शेजारणीला सांगितली. मुलानं बादली तिथंच ओतली, तुळशीत. त्याच्या एका मित्रानं रात्रभराच्या प्रवासावर, होसूरच्या कारखान्यात जागा बघून ठेवली होती. पोरगी शाळेत जायला लागल्याशिवाय येत नाही, असं यानं आधी कळवलेलं. त्या दुपारी त्यानं मित्राला पुन्हा फोन केला. पंधरा दिवसांत गेला. मी गल्लीत पेढे वाटावेत तसा कुंदा वाटला. घरोघरी जाऊन, डबा हातात धरून. काय दिमाख होता बाईचा!

त्यानंतर नातीला मी सांभाळलं. भिंत रंगवायला नेलं तर म्हणाली, “वाळतंय ते.” गेटवर नेलं तर मालगाडी जाईपर्यंत माझं बोट धरून उभी राहिली, एक डबा मोजला नाही. आता ती सहा वर्षांची आहे. बापाचा फोन आला की पाहुण्याशी बोलावं तशी बोलते. “जेवलात? हो, मी पण. आईला देऊ?” तो दोन-तीन महिन्यांनी येतो, खेळणी आणतो. ती “थँक्यू पप्पा” म्हणते आणि खोका नीट कपाटात ठेवते.

यंदा संक्रांतीच्या आधी मी परात काढली. तीळ घेतले, पाक केला, दोन दिवस बोटं भाजून घेतली. काटा येईना. मुलगा रजेवर आलेला. शाळेतून नात यायला अजून अवकाश होता. तो माझ्यामागं येऊन उभा राहिला, म्हणाला, “आच मोठी हाय, आई,” आणि कोळसे बाजूला सारले. मला राहवलं नाही. परातीकडंच बघत मी म्हटलं, “त्या दिवशी मी खोटं बोलले रं. तू केलंस म्हणायला लाजले. चुकलं माझं.”

तो परात पुढ्यात घेऊन तीळ हलवायला लागला. मग म्हणाला,

“तू तसंच सांगणार हे मला ठाऊक होतं, आई. त्याचं काय न्हाय. पण तिनं दाराकडं बघितलं ना, तिथं मी उभा होतो. तिला वाटलं, पप्पा तरी खरं सांगतील. आणि मी मान हलवून तिला म्हटलं, व्हय, कोल्हापूरचेच.”