वादीतली मेलेली मेंढरं

सुदामला मेलेली मेंढरं ओढायला मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही. तो नाही म्हणाला तेव्हा चारचौघांत त्याची ओळख नाकारली, तीही मीच. हे आधी लिहून टाकतो. कारण पुढे माझा अपमान येणार आहे आणि वाचणाऱ्याने तेवढाच लक्षात ठेवला तर माझी फार स्वस्तात सुटका होईल.

सौदीत, आम्ही राहतो त्या खोबरपासून काही तासांवर वादीच्या काठी एक गाव आहे. वादी म्हणजे जवळपास वर्षभर कोरडी राहणारी नदी. तिच्या पात्रात लोक तंबू ठोकतात, मेंढरं राखतात. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि ती एकदम भरून आली. पाणी गेलं, मागे राहिला चिखल, टायर, प्लास्टिक, तारेची कुंपणं. बलदियाने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, स्वयंसेवक बोलावले. पात्र मोकळं करायचं, काठावर सिद्रची रोपं लावायची. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण. आमच्या मराठी मंडळाने जायचं ठरवलं. निळे टी-शर्ट छापले, बॅनर केला.

मंडळाचे अध्यक्ष आमच्याच कंपनीत माझे वरिष्ठ. त्यांनी मला साफसफाईचा प्रमुख केलं. इतक्या वर्षांत मंडळाने मला काही सोपवलं नव्हतं. मी हरखून गेलो. घरी बायकोला दोनदा सांगितलं.

हात कमी पडणार होते. मी कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पवर जाऊन माझ्या हाताखालच्या मेंटेनन्सच्या पोरांना सांगितलं, शुक्रवारी सगळ्यांनी यायचं, स्वयंसेवा आहे. आठवड्याची एकुलती एक सुट्टी. पण ज्याच्या सहीशिवाय गावी जायची रजा मिळत नाही, त्याला नाही कोण म्हणणार? हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर सांगितलं. ते कामाच्या नारिंगी कपड्यांत आले. टी-शर्ट कुटुंबांपुरतेच छापले होते.

वळणावर मेंढरं अडकली होती. फुगलेली, पाय ताठ, झुडपांत आणि चिखलात रुतलेली. वास असा की आमच्या बायका-मुलांनी नाकाला रुमाल लावले आणि वर रोपं लावायला निघून गेली. बलदियाचा माणूस म्हणाला, उद्या सकाळी जेसीबी येईल, त्यांना हात लावू नका. अध्यक्षांना ते पटेना. नमाजानंतर पाहुणे येणार होते आणि फोटो त्याच वळणावर काढायचे होते. आजच काढून टाका, म्हणाले. मी दोर घेतला आणि सुदामला दिला.

सुदाम एसी आणि नळाचं काम करतो. बीड जिल्ह्यातला, माझ्या शेजारच्या गावचा, माझ्याच वयाचा. आमच्या दोघांच्या बापांनी एकाच बैठकीत, एकाच दिवशी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. गावाने त्यांना पिठाची गिरणी बंद केली, शेतातून जायची वाट बंद केली. माझी आई जात्यावर दळायची. पण ते काम पुन्हा कुणी धरलं नाही. सुदाम इथे आला तेव्हा मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, इथे मला साहेब म्हणायचं, गावाकडचं काही काढायचं नाही. त्याने ते पाळलं होतं.

त्या दिवशी त्याने दोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"न्हाई वढणार साहेब. माझ्या बापानं सोडलं ते मी हितं येऊन धरू का? तुमच्या बी बापानं सोडलंय."

हळूच म्हणाला, पण अध्यक्ष जवळच उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय हा, तुमच्या गावचा आहे का?

"नाही सर. मी याला ओळखत नाही. कंपनीचा माणूस आहे."

माझी मुलगी रोपांचा ट्रे घ्यायला खाली आली होती. तिला काही कळायचं कारण नव्हतं. ती सरळ म्हणाली, "पप्पा, बट यू नो हिम. आपला एसी अंकलनेच फिक्स केला ना."

सुदामने दोर माझ्या बुटांपाशी ठेवला आणि जाऊन बसच्या सावलीत बसला. बाकीची पोरंही एकेक करून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

तेवढ्यात एक जुनी पिकअप आली. मेंढरांचा मालक आणि त्याचा भाऊ. अंगातल्या लांब झग्याचा काठ गुडघ्यापर्यंत वर खोचून दोघे चिखलात उतरले आणि आपली मेंढरं आपल्या हातांनी ओढू लागले. ओढताना म्हातारा पुटपुटत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याची होती.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने. ती माया मी अजून विसरलो नाही.

"तुम्हीच हात लावा बघू आता. आम्हाला नाही हो जमायचं, आम्हाला मळमळतं. तुमच्यात ते उपजत असतं. म्हणून तर साफसफाई तुम्हाला दिली."

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना. पहिल्यापासून.

आडनाव बदललं होतं मी. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दारामागे लावला होता. बोलण्यातला गावाकडचा हेल घासून घासून काढला होता. आणि दर गणपतीत, दर कोजागिरीला माझ्या बायकोला सांगितलं जायचं, वहिनी, तुम्ही स्वयंपाकाची दगदग नका करू, तुम्ही फक्त पेपर प्लेट आणि कोल्ड्रिंक आणा. मी म्हणायचो, बघ किती सांभाळून घेतात. ती प्लेटा मोजून पिशवीत भरायची. तिला कळलं होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

दोर पायाशी पडला होता. मी उचलला नाही.

"मी ओढणार नाही सर."

"अहो, चिडता काय? सहज म्हटलं."

सहजच म्हटलं होतं त्यांनी. त्यांना त्यासाठी वेगळं काही करावं लागलंच नाही.

रविवारी ऑफिसात अध्यक्षांचं बोलावणं आलं. सुदामचा करार नूतनीकरणाला आला होता. मी एवढंच लिहून द्यायचं की हा माणूस काम सोडून बसला, इतरांना चिथावलं. बाकी ते बघून घेतील. माझं नाव कुठे येणार नाही. खलास. म्हणजे सुदामचा इकामा, इथे राहायचा परवाना, जाणार, विमानात बसवून घरी. मागे त्याची दोन मुलं कॉलेजात. मी म्हणालो, शुक्रवार होता, स्वयंसेवा होती, जो स्वतःहून आलेला असतो तो काम सोडतो कसा? लिहायचंच तर हे लिहितो की त्यांना सुट्टीच्या दिवशी दमात घेऊन आणलं आणि आणणारा मी. त्यांनी समोरचा कागद मागे ओढला. मग म्हणाले, राहू दे. सुदामचा करार झाला. माझा अजून टेबलावरच आहे.

मी कॅम्पवर गेलो. सुदाम कणीक मळत होता. बस म्हणाला नाही. मी माफी मागितली. त्याने हात थांबवला नाही.

"हितं कशाला मागतोस? वळखत न्हाई म्हणलास ते हितं म्हणलास का?"

पहिल्यांदाच मला तू म्हणाला. शहराबाहेर कॅम्पपर्यंत गाडी चालवून मी माफी मागायला गेलो ती बंद खोलीत. तिथेही मी स्वतःला वाचवत होतो. मी विचारलं, सगळ्यांसमोर बोललो तर येशील? तो म्हणाला, ऐकायला येतो.

आमची कुटुंबं राहतात त्या कंपाऊंडच्या हॉलमध्ये मंडळातर्फे स्वयंसेवकांचा सत्कार होता. मी सुदामला गाडीतून नेलं, पुढच्या रांगेत बायकोच्या आणि मुलीच्या शेजारी बसवलं. शेजारच्या दोन वहिनी उठून मागे गेल्या. माझं नाव पुकारलं. मी शाल घेतली नाही, माइक घेतला.

म्हणालो, हा सुदाम, मी याला ओळखतो. आमचे बाप महार होते, बौद्ध झाले. याच्या बापाने आणि माझ्या बापाने एका दिवशी मेलेली ढोरं ओढणं टाकलं आणि त्यासाठी उपास काढले. तुम्हाला हे माहीत होतं, मलाही. मी ते लपवत होतो आणि तुम्ही ते वापरत होता. आजपासून मी लपवणार नाही. तुम्ही आता तोंडावर वापरून दाखवा.

मग मी त्याच्याकडे वळलो.

"सुदाम, आपल्या बापांनी टाकलेलं काम मी तुझ्या हातात दिलं. आणि यांच्यात बसता यावं म्हणून तुला ओळखत नाही म्हणालो. घाबरून नाही, लाजून म्हणालो. तुझी लाज वाटली मला. ते पुन्हा माझ्याकडून होणार नाही, करार राहो नाहीतर जावो. माझं चुकलं. मला माफ कर."