केकवरचा बाविसावा

बिद्रीहून कोल्हापूरला येताना एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर केकचा खोका होता आणि प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी तो अलगद उचलून धरायची. स्टँडवर उतरल्यावर तिनं मला थांबवलं.

"पावणं, इंग्रजी येतंय न्हवं? कॉलेजातल्या एका पोरीचा बाविसावा वाढदिवस हाय. केकवर बावीस लिवलंय, फुडची अक्षरं ऱ्हायल्यात. मागं एका केकवर टीएच लिवलं, तर पोरी फोटो काढून हसल्या."

"एनडी लिहा. ट्वेंटी सेकंड, म्हणून एनडी," मी म्हणालो. "एकविसाव्याला आपल्या गाडीसारखं एसटी, तेविसाव्याला आरडी. पण अकरा, बारा, तेरा आले की टीएचच."

"त्या तिघांचंच का असं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"असू दे. घरात बी असत्यात की अशी माणसं. सांभाळून घ्यायचं."

बाकावर खोका उघडून तिनं पिशवीतून क्रीमचा कोन काढला. श्वास रोखून दोन अक्षरं काढली आणि मान तिरकी करून पाहिली. ती आकड्यापेक्षाही सुबक आली होती. एकदा हसं झाल्यावर माणसं कामच सोडून देतात. ही अनोळखी माणसाला विचारून पुढं निघाली होती.

खोका बंद करताना ती पुटपुटली, "तेवीसला आरडी."

"तेवीस कशाला?" मी विचारलं.

"फुडल्या वर्साचा केक बी ती माझ्याकडनंच न्हेणार की," ती म्हणाली आणि रिक्षाकडे चालू लागली.